गॅरेजमधली साठ पाकिटं

इंग्लंडमधल्या एका लहान शहरात अकरा वर्षं राहणाऱ्या एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलं आहे. घरात ती, नवरा आणि दोन मुलं. मार्च 2020 मध्ये थोरला अडीच वर्षांचा होता आणि लोणी घातलेल्या पास्त्याशिवाय दुसरं काही तोंडात घ्यायचा नाही. लागोपाठ चार दिवस चार दुकानं पालथी घातली, पास्त्याचं शेल्फ रिकामंच. पाचव्या दिवशी एक पाकीट मिळालं, तेव्हा ती तिथेच उभी राहून रडली. पुन्हा ही वेळ येऊ द्यायची नाही, असं तिने तेव्हाच ठरवलं. आज तिच्या गॅरेजमध्ये पास्त्याची साठ पाकिटं, तांदळाच्या दहा किलोच्या आठ पिशव्या, कणकेच्या चार आणि तेलाच्या चौदा बाटल्या आहेत. गेल्या महिन्यात ‘भारतातून तांदूळ येणं पुन्हा बंद होणार’ असा एक मेसेज फिरत आला आणि तिने आणखी तीन पिशव्या आणल्या. त्या पाहुण्यांच्या पलंगाखाली सरकवल्या आणि मुलांना बजावलं, बाबांना सांगू नका. धाकट्याने सांगितलं. नवरा म्हणतो, ही साठेबाजी आहे. सासूबाई फोनवर म्हणतात, घरात वर्षाचं धान्य असलंच पाहिजे. दरम्यान तूरडाळीच्या एका पिशवीला जाळी लागली, ती तिने रात्री गुपचूप कचऱ्यात टाकली. ती विचारते, “मावशी, मी चुकते आहे का? आणि चुकत असेन, तर किती ठेवलं की पुरे?”

प्रिय मैत्रिणी,

तू मावशी म्हणालीस म्हणून एकेरीच लिहिते. तुझं पत्र वाचताना डोळ्यांसमोर गॅरेज आलं नाही, रिकाम्या शेल्फपुढे मुलाला कडेवर घेऊन उभी असलेली तू आलीस. जेवण समोर नाही आणि मूल भुकेलं आहे, हे ज्या आईने चार दिवस अनुभवलं, तिला कुणी ‘उगाच घाबरतेस’ म्हणू नये. तुझ्या नवऱ्यानेही नाही. मीही म्हणणार नाही.

पण त्या चार दिवसांतून तू जो अर्थ काढलास, त्याबद्दल मात्र बोलायला हवं. तू लिहितेस, ‘लोकांनी ओरबाडून नेलं आणि माझ्यासारखे मागे राहिले.’ म्हणून पुढच्या वेळी आपण आधी पोचायचं, असं तू ठरवलंस. खरंच तसं घडलं होतं का?

त्या वसंतात ब्रिटनमध्ये घरोघरच्या खरेदीची नोंद ठेवणाऱ्या कांतार या संस्थेने आकडे पाहिले, तेव्हा पास्ता घेणाऱ्यांपैकी जेमतेम 3 टक्के लोकांनी खरोखर अचाट प्रमाणात तो नेला होता. बाकीच्यांनी काय केलं? एकाऐवजी दोन पाकिटं घेतली. आठवड्यात एक फेरी जास्त मारली. शाळा, कचेऱ्या, हॉटेलं बंद होणार, सगळ्यांची तिन्ही जेवणं घरात होणार, म्हणून थोडं जास्त घेतलं. ज्याने त्याने शहाणपणानेच घेतलं, आणि शेल्फ रिकामं झालं. कारण तिथल्या सुपरमार्केटला मागे मोठं कोठार नसतं. रोजच्या खपाच्या अंदाजाने रोज ट्रक येतो आणि माल थेट शेल्फवर जातो. त्यात पास्त्याचं पाकीट जागा खाणारं. शेल्फवर मावतातच थोडी, त्यामुळे खप जरा वाढला की मोकळी फळी दिसायला लागते, आणि मोकळी फळी दिसली की पुढचा माणूसही एक पाकीट जास्त उचलतो.

मैद्याची आणि कणकेची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. ब्रिटनमधल्या गिरण्या जे पीठ दळतात, त्यातलं सुमारे 4 टक्केच दुकानांतून लहान पिशव्यांमध्ये विकलं जातं. बाकीचं पाव-बिस्किटांचे कारखाने आणि बेकऱ्यांकडे मोठ्या गोण्यांनी किंवा टँकरने जातं. 2020 मध्ये सगळा देश एकदम घरी पाव भाजायला लागला, तेव्हा गिरण्यांत पीठ भरपूर होतं. दीड किलोच्या पिशव्या भरणारी यंत्रं मात्र तेवढी नव्हती. रात्रंदिवस चालवूनही ती पुरी पडेनात. पीठ होतं, पिशवी नव्हती. हे तू त्या वेळी ऐकलं असतंस, तर भीती थोडी वेगळी झाली असती, असं मला वाटतं. ‘अन्न संपलं’ आणि ‘अन्न या दारातून यायला दहा दिवस उशीर होतोय’ यांत फार मोठं अंतर आहे. पहिल्यासाठी गॅरेज भरावं लागतं. दुसऱ्यासाठी स्वयंपाकघरातली एक फळी पुरते.

तू ज्यावरून पलंगाखाली पिशव्या सरकवल्यास, त्या तांदळाचंही बघू. 20 जुलै 2023 ला भारत सरकारने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली. देशात भाव वाढत होते, पावसाचा भरवसा नव्हता, आणि जगातल्या तांदळाच्या निर्यातीत भारताचा वाटा 40 टक्क्यांच्या आसपास. साहजिकच घबराट झाली. अमेरिकेतल्या भारतीय दुकानांपुढे सोना मसुरीसाठी रांगा लागल्या, माणशी एक पिशवी अशा पाट्या लागल्या, भाव चढले. पण बंदी बासमतीवर नव्हती. उकड्या तांदळाच्या निर्यातीवर कर लागला, पण ती बंद झाली नाही. थायलंड, व्हिएतनाम, पाकिस्तानचा तांदूळ बाजारात होताच. सप्टेंबर 2024 मध्ये ती बंदी उठली. या चौदा महिन्यांत परदेशातल्या मराठी घरांत भात शिजायचा थांबला नाही. काहींचा तांदूळ बदलला, काहींना महाग पडला. ज्यांनी पहिल्या आठवड्यात रांगेत उभं राहून चढ्या भावाने सहा पिशव्या घेतल्या, त्यांचं नुकसान मात्र नक्की झालं.

आता सासूबाईंकडे येते. त्या चुकीचं सांगत नाहीत आणि तुझा नवराही चुकीचं बोलत नाही. दोघं वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलत आहेत.

माझं लहानपण सोलापूरकडच्या एका खेड्यात गेलं. आईची वर्षाची बेगमी मी जवळून पाहिली आहे. गहू बाजारात आला की उन्हात वाळायचा, निवडला जायचा, पत्र्याच्या कोठीत कडुनिंबाचा पाला घालून भरला जायचा. डाळीला एरंडेलाचा हात लागायचा. तेल चोळून चोळून आईचे तळवे दोन दिवस चिकट राहायचे, आणि त्या हातांनी ती आमच्या वेण्या घालायची तेव्हा केसांनाही तोच वास. हे सगळं कधी व्हायचं? सुगी झाल्यावर. माल भरपूर, भाव उतरलेला, शेतकऱ्यालाही विकायची घाई. आणि पावसाळ्यात रस्ते बंद होत म्हणून ते करावंच लागायचं. आणखी एक गोष्ट होती, ती तुला मुद्दाम सांगते. ती कोठी रिकामी व्हायची. पुढचं पीक येईपर्यंत तळ दिसायचा, कोठी झाडून-पुसून उन्हात ठेवली जायची आणि मगच नवा दाणा आत पडायचा.

बेगमी सुगीत करतात आणि ती खाऊन संपवतात. साठेबाजी टंचाईत होते. तुझ्या सासूबाई पहिल्या गोष्टीबद्दल सांगताहेत. तू मात्र मेसेज आला की, म्हणजे नेमकी सगळे धावत असतात तेव्हा, खरेदी करते आहेस, आणि तुझी कोठी कधीच रिकामी होत नाही. सहा वर्षांत ती फक्त भरत गेली.

मी जरा हिशेब मांडला. साठ पाकिटं म्हणजे तीस किलो पास्ता. चौघांच्या घरात आठवड्यातून दोनदा एकेक पाकीट शिजलं, तर तीस आठवडे, म्हणजे सात महिने. तुमच्याकडे रोज तीनशे ग्रॅम तांदूळ लागतो असं धरू. आठ पिशव्या आणि पलंगाखालच्या तीन मिळून एकशे दहा किलो, म्हणजे वर्षभराचा तांदूळ. तो कोरडा राहिला तर टिकेलही. कणकेचं तसं नाही. अख्ख्या गव्हाच्या पिठात कोंड्याबरोबर अंकुरातलं तेल असतं, ते काही महिन्यांत खवट होतं. इंग्लंडमधलं गॅरेज म्हणजे सात महिने ओल. तेलही वर्षानुवर्षं ठेवायची वस्तू नाही. म्हणजे ज्या भीतीपोटी तू हे आणलंस, ती भीती खरी ठरायच्या आधीच यातलं बरंचसं वाया जाणार आहे. तूरडाळीने ते सुरू केलंच आहे.

किती ठेवलं की पुरे, या तुझ्या प्रश्नाला माझं उत्तर: तीन आठवडे. 2020 ची ती चणचणही बहुतेक वस्तूंच्या बाबतीत साधारण तेवढीच टिकली, पिठासारख्या काही गोष्टींची मात्र जास्त. तुझ्या घराला तीन आठवड्यांना तांदूळ साडेसहा किलो लागेल, म्हणजे दहाची एक पिशवी पुष्कळ झाली. कणीक आठ-नऊ किलो. डाळी सगळ्या मिळून चार किलो. पास्ता सहा पाकिटं. तेल तीन लिटर. मीठ, साखर, चहा, हळद-तिखट, मोहरी-जिरं. दूध मिळालं नाही तर सोय म्हणून दुधाची भुकटी. आणि वीज-गॅस दोन्ही गेले तर न शिजवता खाता येईल असं थोडं, म्हणजे डब्यातले राजमा-छोले, पोहे, शेंगदाणे, खजूर, शिवाय डबे उघडायचं हाताचं यंत्र. ब्रिटिश सरकारनेच 2024 मध्ये घरोघरच्या तयारीसाठी सूचना काढल्या, त्यांतही असंच न शिजवता खाण्याजोगं अन्न आणि पिण्याचं पाणी घरात ठेवा असं म्हटलं आहे. त्यामुळे थोडा साठा ठेवणं हे वेड नाही, हे तुझ्या नवऱ्यालाही दाखव.

हे सगळं एका वेळी आणायचं नाही, आणि टंचाईचा मेसेज आल्यावर तर मुळीच नाही. एक पाकीट उघडलेलं, एक त्याच्या मागे. मागचं पुढे आलं की यादीत तो जिन्नस लिहायचा. प्रत्येक पाकिटावर मार्करने आणल्याचा महिना घाल. नवी डाळ, रवा, कणीक घरी आली की आधी चार-पाच दिवस फ्रीझरमध्ये ठेव, मग बाहेरच्या तापमानाला आली की कोरड्या घट्ट डब्यात भर. किड्यांची अंडी तिथेच मरतात, जाळी लागत नाही. आईच्या एरंडेलाचं काम तुझ्याकडे फ्रीझर करेल.

आता पास्त्याबद्दल, कारण तुझं मूळ दुखणं तिथे आहे. पास्ता ज्या कठीण, पिवळसर ड्युरम गव्हापासून होतो, तो तुझ्या सासरी-माहेरी परका नाही. आपला बन्सी गहू ड्युरमच. त्याच्या रव्याच्या शेवया वळून, दोरीवर वाळवून, डब्यात भरून ठेवणाऱ्या बायकांच्या पोटची आपण माणसं. लग्नघरी बसून केलेले गव्हले, नखुले, मालत्या आठव. तांदळाएवढा गव्हला आणि इटलीतला तांदळाच्या आकाराचा पास्ता शेजारी ठेवला तर कुणी ओळखायचं नाही. कॅनडात 2021 मध्ये भीषण दुष्काळ पडून तिथलं ड्युरमचं पीक जवळजवळ निम्म्यावर आलं होतं. ड्युरमच्या निर्यातीत तो देश जगात पहिला. तरीही पास्ता महागला, पण नाहीसा झाला नाही. समजा, कधी झालाच नाहीसा. तर तुझ्या घरात कणीक आहे, तूरडाळ आहे. चकोल्या कर.

तुला येत असतीलच, पण लिहितेच, इतर वाचकांनाही उपयोग होईल. कणकेत मीठ, हळद, चिमूटभर ओवा आणि चमचाभर तेल घालून पुरीसारखी घट्ट भिजव. वीस मिनिटं झाकून ठेव. पोळीएवढी, पण जरा जाडसर लाट आणि सुरीने शंकरपाळ्यांसारखे काप कर. एकीकडे शिजलेल्या तुरीच्या वरणात भरपूर पाणी घालून पातळ कर. मोहरी, हिंग, कढीपत्ता, लसणाची फोडणी, दोन आमसुलं, गुळाचा खडा, गोडा मसाला. खळखळून उकळी आली की काप एकेक करून सोड, सगळे एकदम टाकलेस तर गोळा होतो. दहा-बारा मिनिटांत काप वर तरंगतात आणि वरण आपोआप दाट होतं. वर तूप. मुलांसाठी तिखट-मसाला वगळ, काप लांबट पट्ट्यांचे कर, आणि सुरुवातीला नुसतं लोणी घालून दे. पहिल्यांदा खाणार नाही कदाचित. चौथ्यांदा खाईल. आणि पहिल्यांदा करायची वेळ टंचाईची नसावी. पोरांना नवीन चव लावायची ती घरात पास्ता असतानाच.

तेलाचंही तसंच. एप्रिल 2022 मध्ये युक्रेनच्या युद्धामुळे सूर्यफुलाचं तेल मिळेना, ब्रिटनमधल्या दुकानांनी माणशी दोन-तीन बाटल्यांची मर्यादा घातली. पण रेपसीडचं, म्हणजे मोहरीच्या कुळातल्या एका बीचं, तेल त्या देशातच पिकतं आणि फोडणीला उत्तम चालतं. एकाच जिनसावर घर अवलंबून असलं की साठा वाढवावा लागतो. दोन-तीन पर्याय हाताला सवयीचे असले की साठा आपोआप लहान होतो.

एक गोष्ट तुझ्या पत्रात ओझरती आली आहे. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी त्या दिवसांत तुला अर्धं पाकीट मॅकरोनी दिली होती, असं तू कंसात लिहिलं आहेस. कंसात का? तुझ्या मुलाला चौथ्या रात्री जेवण मिळालं ते त्या अर्ध्या पाकिटातून. मी 1972 च्या दुष्काळात आठ वर्षांची होते. रेशनवर अमेरिकेची तांबडी मिलो ज्वारी यायची. तिची भाकरी थापताना चिरायची आणि घशाखाली उतरायची नाही. दुष्काळी कामावर सुकडी मिळायची. त्या वर्षी आमच्या आळीत कोणाच्याच कोठीत काही नव्हतं, पण वाटीभर पीठ उसनं मागायला जायची लाज कोणाला वाटत नव्हती. आज आपलं, उद्या तिचं. आईने उसनी आणलेली वाटी कधी सपाट परत केली नाही, शीग लावून दिली. तू परक्या देशात आहेस, मागायचं कुणाकडे, हा तुझा खरा प्रश्न आहे, आणि त्याला साठ पाकिटं हे उत्तर नाही. त्या आजी अजून शेजारी राहतात का? तुझ्या गावात तीन-चार मराठी, गुजराती, पंजाबी घरं असतील, मुलांच्या शाळेतल्या दोन आया असतील. एकीने मोठी पिशवी आणून चौघींनी वाटून घ्यायची, कोणाकडे काय उरलंय ते एकमेकींना विचारायचं, एवढं सुरू कर. ते आधीपासून असलं, तर मोकळं शेल्फ बघून छातीत धस्स होत नाही.

आणि दुकानात मोजकंच दिसत असेल, तेव्हा एक बघ. काहींना आठवड्याच्या पगारातून आठवड्याचाच बाजार करता येतो. ती बाई आज एक पाकीट न्यायला येते आणि ते तिथे नसेल तर तिच्याकडे गॅरेज नसतं. शेल्फवर ग्लूटेनविरहित पास्ता तेवढा उरला असेल आणि तुमच्या घरात कोणाला तो पथ्याचा नसेल, तर तो सोडून ये. कोणाच्या तरी मुलाला तेवढाच चालतो.

शेवटी घरातलं. पिशव्यांपेक्षा मला ‘बाबांना सांगू नका’ जास्त टोचलं. नवऱ्याला त्या चार दिवसांबद्दल तू सगळं कधी सांगितलं आहेस का? पत्रात लिहिलंस तसं, दुकानात रडलीस ते? तो त्या वेळी घरून काम करत होता असं तू म्हणतेस, म्हणजे रांगा त्याने पाहिल्या नसाव्यात. त्याला साठा दिसतो, कारण दिसत नाही. येत्या शनिवारी दोघांनी गॅरेज उघडा. तीन आठवड्यांचं आत आणा. ज्याची तारीख जवळ आली आहे पण माल चांगला आहे, न उघडलेलं आहे, ते गावातल्या फूड बँकेला, म्हणजे गरजूंना फुकट अन्न देणाऱ्या केंद्राला द्या. पास्ता आणि तांदूळ तिथे हवेच असतात. उरलेलं संपेपर्यंत नवीन आणायचं नाही, असं दोघांनी मिळून ठरवा. आणि तुझ्या मनाला लागणारा साठा किती, हे त्याने ऐकून घ्यावं. त्याला दोन आठवडे पुरेसे वाटले आणि तुला चार, तर तीन करा, पण उघड्यावर करा. मुलांनाही सांग, आईने लपवलं ते बरोबर नव्हतं.

हे करूनही मेसेज आला की हात कापायला लागले, झोप उडाली, पैसे लपवून खर्च व्हायला लागले, तर तो प्रश्न धान्याचा नाही. इंग्लंडमध्ये एनएचएसच्या, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, समुपदेशन सेवेसाठी डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय स्वतःही नाव नोंदवता येतं. त्या महिन्यांनी पुष्कळ आयांच्या मनावर असे ओरखडे ठेवले आहेत, तू एकटी नाहीस.

पहिली चकोल्यांची पातेली होईल, तेव्हा एक वाडगा त्या आजींना नेऊन दे. तिखट घालू नकोस, आणि वर तूप घालायला विसरू नकोस. थोरल्याने खाल्ल्या का, ते मला कळव.

तुझी,
मावशी